षड्जाला सुट्टी

पेटीवाल्याला जॅझची हुक्की आली की पहिली अडचण डाव्या हाताची. पियानोवर दोन्ही हात मोकळे. पेटीवर डावा हात भात्याला जुंपलेला. जॅझच्या कॉर्ड्स चार-चार, पाच-पाच सुरांच्या आणि आपल्या वाट्याला उजव्या हाताची पाच बोटं, त्यातही करंगळी नावापुरतीच. तेव्हा भजनी मंडळातल्या माणसानं या फंदात पडू नये, असं नगरमधले जाणते सांगतात.

पण जाणत्यांचं सगळं ऐकायचं तर पुणतांब्याचं काय करायचं? १२ जानेवारी १९१८ रोजी तिथं जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकले, मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवू लागले आणि पुढे संगीतकार सी. रामचंद्र झाले. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, त्यांचे साहाय्यक. १९५१च्या ‘अलबेला’ चित्रपटातल्या त्यांच्या संगीतानं अख्ख्या देशाचे पाय थिरकवले. तेव्हा जॅझ आमच्या जिल्ह्याला वर्ज्य आहे, असं निदान गोदाकाठी तरी कुणी म्हणू नये.

कॉर्ड बांधायची रीत दिसायला सोपी. सा धरा, एक स्वर सोडून ग, आणखी एक सोडून प, त्यावर नी. हा नी शुद्ध असला तर कॉर्ड निवांत रेंगाळते. कोमल केला की तिला लगेच कुठंतरी जायची घाई होते. जॅझमधली नेहमीची वाट अशी: रे-म-ध-सा, मग प-नी-रे-म, शेवटी सा-ग-प-नी. हे सगळं एका हातानं करू गेलं की बोटं पट्ट्यांवर धावतात, भाता मागं राहतो आणि शेजाऱ्यांना वाटतं, पेटी दुरुस्तीला आली आहे.

यावर जॅझवाल्यांनी काढलेला तोडगा पेटीवाल्याच्याच सोयीचा आहे. कॉर्डचा मूळ स्वर बासवाल्यावर सोपवायचा आणि पाचवा गाळायचा. मग उरतात फक्त तिसरा आणि सातवा. पहिल्या कॉर्डचे म आणि वरचा सा. पुढं जाताना सा पायरीभर उतरून नीवर येतो, म जागचा हलत नाही. नंतर म उतरून गवर येतो, नी तिथंच. दोन बोटं, आळीपाळीनं एकेक पायरी, आणि कानाला मात्र लांबचा प्रवास झाल्यासारखं वाटतं.

फक्त एक गोष्ट पचत नाही. एवढी वाटचाल ज्या षड्जासाठी केली, तिथं पोचल्यावर तोच वाजवायचा नाही! घरच्या कर्त्या माणसाचं नाव वगळून लग्नपत्रिका छापावी, तसंच हे. भजनाला बसल्यावर मी ग-नी धरून थांबलो, तेव्हा बुवांनी टाळ थांबवून विचारलं, “सा कुठं ठेवला, राव?”

“तो बासवाल्याकडं असतो.”

“आपल्यात कोण बासवाला?”

उत्तर समोरच उभं होतं. वीणेकरी! सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. पहारा बदलला की या गळ्यातून त्या गळ्यात जाते. षड्जाची एवढी चोख व्यवस्था असताना पेटीनं तोच सा दाबून धरण्यात कसला पुरुषार्थ? मधल्या कॉर्डला वीणा जरा वाकड्या नजरेनं बघते खरी, पण तोवर आपण ग-नीवर उतरलेलो असतो. बुवांना हे पटलं नाही. मात्र पुढच्या अभंगाला त्यांनी माझ्याकडं बघून मुद्दाम ‘सा’ जरा मोठ्यानं लावला. म्हणजे आणखी एक बासवाला मिळाला.

वगळण्याची ही गोडी वाढत जाते, आणि तिला लगाम घालायला पुणतांब्यातच चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानेश्वरांना काय मायना लिहावा ते कळेना, म्हणून त्यांनी पत्रच कोरं पाठवलं. चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाल्याची कथा आहे. म्हणून आधी काळी एकपासून पांढरी सातपर्यंत प्रत्येक पट्टीत चारही सूर घोटायचे, मग त्यातले दोन गाळायचे. निम्मे गाळले तर जॅझ होतो. सगळेच गाळले तर चांगदेव. आणि कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचं उत्तर धाडणारे ज्ञानेश्वर काही प्रत्येक पेटीवाल्याच्या नशिबी नसतात.