लिंकवाल्या साहेबांस, कुसगावहून

मु. पो. कुसगाव, ता. मावळ, जि. पुणे

'उपसंचालक (परतावा)' साहेबांस,
सा. न. वि. वि.

आपली ई-मेल परवा दुपारी मिळाली. आमच्या १८,६४० रुपयांच्या आयकर परताव्याची आपल्याला केवढी काळजी! चोवीस तासांत लिंकवर क्लिक केलं नाही तर रक्कम कायमची बुडेल, असं लाल अक्षरांत कळवलंत. माझ्या पैशासाठी सख्ख्या भावानेही कधी एवढी धावपळ केली नाही.

पण साहेब, कुसगावच्या माणसाला लिंकचं काय सांगता? द्रुतगती मार्गाची 'मिसिंग लिंक' खोपोलीहून निघते ती आमच्या दारात उतरते. सव्वातेरा किलोमीटरच्या वर लांबी, त्यात एक बोगदाच जवळपास नऊ किलोमीटरचा. काम २०१९ला सुरू झालं आणि पुढे उद्घाटनाच्या तारखा इतक्या ऐकल्या की मोजणं सोडलं. खऱ्या सरकारी लिंकचा वेग आम्हाला तोंडपाठ आहे. 'चोवीस तासांत' म्हटलं की इथलं शेंबडं पोरही विचारेल, नक्की सरकारच ना?

तरी कबूल करतो, अंगठा खाली गेला होता. पैसा येणार म्हटल्यावर चष्मा शोधायचं भान राहत नाही. सूनबाई ओरडली, "बाबा, टिचकी नका मारू, नुसतं दाबून धरा." धरलं. आपला खरा पत्ता वर आला. आधी 'इन्कमटॅक्स', मग 'गव्ह', मग 'इन', सगळं कसं सोवळ्यातलं. आणि त्याला चिकटून पुढे 'रिफंड-अमुकतमुक डॉट टॉप'. पाकिटावर वरच्या ओळीत खुशाल 'मंत्रालय' लिहा, पोस्टमन बघतो शेवटची ओळ. तुमच्या पत्त्याचंही तेच. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधी, अगदी शेवटी जे असतं, तेच घर. म्हणून तर रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन' ही एकच शेपटी लावून घ्यायला ३१ ऑक्टोबर २०२५ची मुदत दिली होती.

नावाची नक्कल आम्हाला नवी नाही म्हणा. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या पाट्या वाचत गेलं तर 'ओरिजिनल' कोण हे ठरवता ठरवता गाडी सुटते. पण तिथे निदान चिक्की मिळते.

राहिलं आपलं मराठी. 'प्रिय करदाता, आपली परतावा तयार आहे.' वाचून मला आधी कीवच आली. मग सूनबाईनेच सांगितलं की मायक्रोसॉफ्टच्या कॉर्मॅक हर्ली नावाच्या संशोधकाने २०१२ साली यावर निबंध लिहिलाय. नायजेरियाच्या नावाने येणाऱ्या घबाडाच्या मेल इतक्या बावळट का असतात? तर शहाण्याने हसून निघून जावं म्हणून. अशा गिऱ्हाइकामागे वेळ घालवणं ठकाला परवडत नाही. म्हणजे ही अशुद्धं नव्हेत, चाळणी आहे! आम्ही इंद्रायणी चाळतो तेव्हा कणी खाली पडते, तांदूळ वर राहतो. तुम्ही शहाणे खाली सोडता आणि भोळे वर ठेवता. चांगली दोन मिनिटं मी तुमच्या चाळणीत वर होतो, हे लिहिताना कान गरम होताहेत.

आणखी एक. परतावा आधी पडताळलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो, हे आपल्या कचेरीत कुणाला ठाऊक नसावं. नाहीतर कार्डामागचे तीन आकडे आणि ओटीपी 'तयार ठेवा' असं कशाला लिहिलं असतंत? कार्ड सूनबाईने कपाटात ठेवलंय, किल्ली तिच्या कमरेला. ओटीपीचं तिलाच विचारा, पण जरा लांबून.

मोबाईल नंबरही मागितला होतात. तो मात्र देतो, लिहून घ्या: १९३०. दिवसा-रात्री केव्हाही लावा. आपल्या मंडळींची चौकशी तिथे फार आपुलकीने होते म्हणतात.

आपला,
(अद्याप) खातेदार