पारगावच्या पुलावरचे विद्यार्थी

रविवारी सकाळी आठच्या सुमारास न्हावरे-चौफुला रस्त्यावर, पारगावच्या पुलावर जरा उभे राहा. खाली भीमा, अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. अलीकडून एक पन्नाशीचा गृहस्थ पलीकडे निघालेला दिसेल आणि पलीकडून तसाच एक अलीकडे. दोघांच्याही हातात कापडदुकानाची पिशवी, पिशवीत वर टॉवेल आणि टॉवेलाखाली ‘भारतीय अर्थव्यवस्था’. शिरूरकर शिकायला दौंडला चाललाय, दौंडकर शिरूरला. कॉलेज दोन्ही गावांत आहे. पण आपल्या गावच्या कॉलेजात आपलाच पोरगा सेकंड इयरला असतो, पुतणी बी.कॉम.ला असते आणि गेटवरचा शिपाई आपल्याच भावकीतला निघतो. तिथं फर्स्ट इयरच्या बाकावर बसायचं कुणी?

यातल्या शिरूरकर गृहस्थाला आपण नाना म्हणू. दर वर्षीच्या तुकडीत एक नाना असतोच. फक्त आडनाव बदलतं.

मी या नानांचा संमंत्रक. संमंत्रक म्हणजे मुक्त विद्यापीठात रविवारी शिकवणारा मास्तर. हा शब्द विद्यापीठानं काढला, पण एकाही विद्यार्थ्यानं तो कधी तोंडातून काढल्याचं मला आठवत नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं, ते शेतात, कारखान्यात, चुलीपाशी अडकलेल्या माणसांसाठी. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. नानाची अडचण नेमकी इथंच आहे. ज्ञानगंगा त्याला हवी आहे, फक्त ती घरी यायला नको. पुस्तकांचा गठ्ठासुद्धा तो मेहुण्याच्या खताच्या दुकानात ठेवतो.

एवढी लपवालपवी करून शिकायचं कशाला? प्रवेशाच्या दिवशी विचारलं तर नाना ‘ज्ञानासाठी’ म्हणतो. खरं कारण तिसऱ्या रविवारी चहाच्या टपरीवर कळतं. मुलीच्या लग्नाची पत्रिका छापली. तीत वराच्या नावापुढे बी.ई., वधूच्या नावापुढे एम.एस्सी., व्याह्यांच्या नावापुढे निवृत्त मुख्याध्यापक. नानाच्या नावापुढे काय छापायचं, असं छापखानेवाल्यानं विचारलं. “काही नाही,” असं सांगावं लागलं. आता धाकटीचं लग्न तीन-चार वर्षांवर आहे आणि बी.ए. तीन वर्षांचं. हिशेब पक्का आहे.

घरी मात्र हिशेब चुकला. शिरूरहून दौंडला जाताना गाडी बदलायची ती चौफुल्याला, आणि चौफुल्याची कीर्ती पुणे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पन्नाशीचा बाप्या दर रविवारी परीटघडीचे कपडे घालून, पिशवी घेऊन चौफुल्याला उतरतो आणि संध्याकाळी थकून परत येतो. सलग चार रविवार हे पाहिल्यावर नानाच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, नेमका तोच अर्थ काढला, जो गावानंही काढला असता. तिथल्या कला केंद्रात लावणीला जाऊन बसण्याचा आळ एका बाजूला आणि फर्स्ट इयरला असल्याची कबुली दुसऱ्या बाजूला. माझ्या माहितीतल्या एका नानानं तर चक्क दोन महिने आळ सोसला. शेवटी काकूंनी पिशवी उपडी केली, तेव्हा टॉवेलाखालून ओळखपत्र पडलं. ते बघून काकू खाली बसल्या आणि म्हणाल्या, “यापेक्षा तमाशा परवडला असता. त्यात फी तरी नसते.”

वर्गात नाना पहिल्या बाकावर. मी आत गेलो की उठून उभा राहतो. गुडघे वाजतात, पण उठतो. “बसा नाना” म्हटलं की म्हणतो, “तुम्ही आमच्या थोरल्यापेक्षा लहान, सर. पण खुर्ची लहान नाही.” मागच्या बाकावर दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलातले जवान, रात्रभराच्या बंदोबस्तावरून थेट आलेले. ते उघड्या डोळ्यांनी झोपतात; हे शिक्षण त्यांना सरकारनं आधीच दिलेलं आहे. खिडकीकडच्या रांगेत अंगणवाडीच्या ताई. त्या कुणापासून काही लपवत नाहीत. त्यांच्या गृहपाठाच्या वहीवर हळदीचा अंगठा असतो आणि उत्तर मात्र मुद्देसूद. “आता शिकून काय कलेक्टर व्हायचंय?” हा प्रश्न त्यांना घरी इतक्यांदा विचारला जातो की एका ताईनं मला कलेक्टर व्हायला वयाची अट किती असते, ते गंभीरपणे विचारून घेतलं. पुढच्या खेपेला उत्तर तयार असावं म्हणून.

नानाला शिकवणं सोपं नाही, कारण त्याला विषय आधीच माहीत असतो. एकदा मी फळ्यावर मागणीचा नियम लिहिला : इतर परिस्थिती कायम असताना वस्तूची किंमत कमी झाली की मागणी वाढते. नानानं चष्मा कपाळावर घेतला.

“सर, कांदा दोन रुपयांवर आला तेव्हा मागणी कुठं वाढली? व्यापारी गोणी बघायला तयार नव्हता.”

मी म्हटलं, “नाना, सुरुवातीचे शब्द बघा. इतर परिस्थिती कायम असताना.”

“तेच विचारतोय,” नाना म्हणाला. “ती कधी कायम होती?”

राखीव दलाचे दोन जवान जागे झाले. मला त्या दिवशी पुढचा मुद्दा काही सुचला नाही आणि मी चहाची सुट्टी जाहीर केली. नानानं परीक्षेतही हेच लिहिलं, चार पानं, बाजार समितीच्या पट्टीचे आकडे देऊन. तपासणाऱ्यानं किती गुण दिले ते गुपित आहे, पण नाना त्या विषयात सुटला.

सुटत नाही ते इंग्रजी. एका रविवारी तो पार खचला होता. “या वयात कुठं डोक्यात शिरतंय, सर?” मीही मास्तरच, दाखला द्यायची संधी सोडतो थोडाच! म्हटलं, “नाना, तुम्ही चौफुल्याला गाडी बदलता, तिथून जवळच केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी चाळिशी उलटून गेल्यावर तिथं बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या आणि अख्खं बायबल मराठीत आणलं.” नाना बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “त्यांना शेती नसंल.”

“होती. शंभरेक एकर.”

त्यानंतर महिनाभर नानानं वयाचं नाव काढलं नाही.

परीक्षेचा दिवस मात्र बघण्यासारखा. पांढरा सदरा, पांढरी विजार, खिशाला दोन पेनं, डोळ्यांवर रंग बदलणारा चष्मा. असा नाना हॉलच्या दारात उभा राहिला आणि भरारी पथक आलं समजून तिसऱ्या ओळीतल्या पोरांनी चिठ्ठ्या खिडकीबाहेर भिरकावल्या. पर्यवेक्षक खुर्चीतून उठले. नाना सगळ्यांना नमस्कार करून आपला नंबर शोधत शोधत गेला आणि बाकावर बसला, तेव्हा आधी सन्नाटा पसरला आणि मग मागून कुणीतरी कळवळून म्हणालं, “काका, आधी सांगायचं ना!” ज्याच्या चिठ्ठ्या गेल्या होत्या, त्याला पेपर संपल्यावर नानानं पदरचा वडापाव खाऊ घातला.

लिहिताना त्याचा हात दुखतो. तीस वर्षांत या हातानं सहीपलीकडे फारसं काही लिहिलेलं नसतं. वीस मिनिटांनी बोटं वळतात. मग तो पेन ठेवतो, धार काढल्यावर झटकावा तसा पंजा झटकतो आणि पुन्हा सुरू करतो. तीन तासांत चार-पाच वेळा. पुरवणी मागताना नाना उभा राहून मागतो.

या सगळ्यात मला एक गोष्ट कळलेली नाही. हाच नाना सोमवार ते शनिवार पारावर तास तास बसतो, पत्ते पिसतो, अख्ख्या तालुक्याचं राजकारण वर-खाली करतो. तिथं बसल्याची त्याला लाज वाटत नाही आणि गावालाही वाटत नाही. पुस्तक उघडायला मात्र त्याला तालुका ओलांडावा लागतो.

गेल्या वर्षी एक नाना पहिल्या वर्षाला जवळजवळ पास झाला. इंग्रजी राहिलं, पण बाकी सगळे विषय निघाले. पोराला कुठून तरी कळलं आणि त्यानं चौकात फ्लेक्स लावला. बापाचा फोटो, मागे वाघ, खाली ‘हार्दिक अभिनंदन’ आणि शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे. नानानं रात्री शिडी लावून तो स्वतः उतरवला. तो फ्लेक्स आता गोठ्याच्या पत्र्याखाली आडोशाला बांधलाय. वाघाचं तोंड बाहेरून दिसतं.

तेव्हा पारगावच्या पुलावर तो दिसलाच, तर कृपा करून ओळख दाखवू नका आणि ‘कुठं निघालात?’ असंही विचारू नका. त्याचा येत्या रविवारी इंग्रजीचा पेपर आहे.