नक्की ना?

पुण्यात आमच्या होस्टेलवर त्याला सगळे 'नक्की' म्हणत. खरं नाव फक्त मेसच्या वहीत होतं. "संध्याकाळी चहाला ये" म्हटलं की हा विचारी, "नक्की ना? कोण कोण आहे? किती वाजता निघायचं?" एखादा अनोळखी मित्र येणार असं कळलं, की याचं पोट दुपारपासूनच बिघडे.

आम्हाला वाटे, हा माणसांना घाबरतो. पण खडूस रेक्टरसमोर तो बिनघोर उभा राही. रेक्टर ओरडणार हे ठरलेलंच! घाम फुटे तो हसऱ्या माणसापुढे. हा हसतोय कशाला?

व्हॉट्सॲपनं २०१४ साली निळ्या टिका आणल्या, तेव्हा सुटलो म्हणाला. आठवडाभरातच पुरता अडकला. वाचलं की नाही ही शंका मिटली, पण वाचून गप्प का, ही नवी सुरू झाली. सरांना 'हो सर' पाठवायला याला पाऊण तास लागे. पूर्णविराम दिला तर उर्मट वाटेल, न दिला तर उडाणटप्पू!

तोंडी परीक्षेला त्यानं अख्खं पुस्तक घोकलं होतं. परीक्षकांनी पोरगं जरा सैलावावं म्हणून विचारलं, "काय, जेवलास का?" प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा. वाचा बसली ती बसलीच. नापास झाला, आणि त्या रात्री महिन्यात पहिल्यांदा घोरला. "निकाल तर लागला," म्हणाला.

मग मानसशास्त्र विभागातली एक मुलगी प्रश्नावली घेऊन आली. अनिश्चितता कोणाला किती सोसवते ते मोजायचं, आणि चारचौघांत बुजण्याशी ताडून पाहायचं. दोन्ही बहुधा जोडीनं सापडतात, असं तिनं सांगितलं. (हे मेसच्या मावशी आम्हाला कधीच फुकटात सांगून बसल्या होत्या.) मूळ प्रश्नावली कॅनडातल्या संशोधकांची, १९९४ सालची, २७ विधानांची, २००७ मध्ये ती १२ वर आणली.

"ती १५ का गाळली?" नक्कीचा पहिला प्रश्न.

१ म्हणजे अजिबात लागू नाही, ५ म्हणजे पूर्ण लागू. "३ म्हणजे नक्की किती?" हा दुसरा. बारा विधानांना दीड तास घेतला, चौदा ठिकाणी खाडाखोड केली. शेवटी फॉर्म तिच्या हातात ठेवत म्हणाला, "माझा निकाल कधी?"

"एकेकट्याचा निकाल आम्ही सांगत नाही."

त्यानं फॉर्म परत मागून घेतला.