थंड उजेड, तापलेले नाना

फोटो चांगला आला की नाही हे ठरवायचे छत्तीसगडातल्या, भिलाईजवळच्या आमच्या उतईत पक्के नियम आहेत. माणूस आहे त्यापेक्षा दोन छटा गोरा दिसला पाहिजे. पाय कापले जाता कामा नयेत. मागे कूलर येत असेल तर तो अख्खा यावा, पैसे मोजून आणलेला असतो. अशा गावातून आमची लेक फोटोग्राफीची पदवी घ्यायला थेट हैदराबादला, जवाहरलाल नेहरू वास्तुकला आणि ललितकला विद्यापीठात गेली. शेजारच्या काकींनी विचारलं, "बिहाव के फोटू खींचही का?" मी हो म्हणून टाकलं. समजावत बसण्यापेक्षा ते बरं.

'फोटो काढायला कॉलेज कशाला?' म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक दाखला तयार असतो. डागेरची फोटो काढायची युक्ती पॅरिसात जाहीर झाली १८३९ साली, आणि १८५५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनात फोटोग्राफीचा वर्ग सुरूसुद्धा झाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकले आणि पुढे मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले. समोरचा आदराने मान डोलावतो आणि विचारतो, "ते ठीक, पण पगार किती पडतो?"

पहिल्याच सुट्टीत लेक गृहपाठ घेऊन आली: घरची माणसं, खिडकीचा उजेड, कृष्णधवल. आजी ठेवणीतली जांभळी पैठणी नेसून तयार. लेकीने तिला खिडकीशी तिरपं बसवलं, अर्धा चेहरा अंधारात ठेवला, आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा इवलासा त्रिकोण पाडला. याला म्हणे रेम्ब्रां लायटिंग म्हणतात. आजीने फोटो लांब धरून पाहिला. "गालाला काय लागलंय ते पुसायला सांगायचं नाही का गं? आणि काळीच दिसायची होती, तर पैठणी कशाला काढायला लावलीस?"

खरी परीक्षा मात्र नानांपुढे झाली. नाना भिलाई पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर होते. निवृत्तीनंतर कारखान्याचं सेक्टरातलं क्वार्टर सोडावं लागलं, म्हणून उतईत घर बांधलं. लेक सांगत होती, की प्रत्येक उजेडाला रंगाचं तापमान असतं. पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विन, दुपारचं ऊन ५५००, आणि ढगाळ दिवसाची निळसर सावली त्याच्याही वर. नाना खूश झाले. भट्टीतून पंधराशे अंशांच्या आसपासचं लोखंड वाहताना बघण्यात त्यांची उमर गेली. तांबडं म्हणजे कमी तापलेलं, पांढऱ्याकडे झुकलं की जास्त, हे त्यांना कुणी शिकवायला नको. आयुष्यात पहिल्यांदा नातीचा अभ्यास त्यांना कळत होता.

"आणि नाना, पिवळ्या उजेडाला आम्ही उबदार म्हणतो, निळ्याला थंड."

"जास्त केल्विन कुणाचे?"

"निळ्याचे."

"म्हणजे जो जास्त तापलाय तो थंड?"

"दिसायला थंड, नाना."

"आमच्याकडे असं कुणी म्हणालं असतं तर त्याला भट्टीच्या जवळ फिरकू दिलं नसतं." मग कॅमेऱ्याच्या छिद्राचे आकडे निघाले. एफ २.८ म्हणजे मोठं भोक आणि एफ १६ म्हणजे बारीक, हे ऐकून नाना उठलेच. फी कधी भरायची, एवढंच त्यांनी मला विचारलं.

उतईला सीआयएसएफचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे वर्दीची स्वप्नं गल्लीगल्लीत. शेजारचा मुलगा कुठल्याशा भरतीच्या ऑनलाइन अर्जासाठी फोटो काढून घ्यायला आला. लेकीने मागे पांढरी चादर ताणली, बाजूला थर्माकोलचा पत्रा धरायला मला उभं केलं, हनुवटी दोनदा खाली घ्यायला लावली. पोरगा इतका देखणा दिसला की त्याच्या आईने तिथेच स्थळांचा विषय काढला. अर्जाला मात्र फोटो २० ते ५० केबीचा हवा होता, आणि लेकीचा निघाला कित्येक एमबीचा. तिने तो बारीक करून दिला, तरी आईला धीर निघेना. दोघं बाजारातल्या स्टुडिओत गेली. तिथल्या दादाने फोटो आवळला, जाता जाता पोराला गोराही केला, आणि लेकीला निरोप धाडला: काम साफ आहे, लग्नसराईत येत जा, ड्रोन उडवता येतो का?