'करप्ट' म्हणण्याआधी

फाइल उघडली नाही की आपल्याकडे निदान ठरलेलं: 'करप्ट झालीय, टाका काढून.' पुष्कळदा फाइल धडधाकट असते, फक्त ती उघडणारं सॉफ्टवेअर आपल्याकडे नसतं. पण या घाईपायी दिवाळी अंकांचे जुने लेख, संस्थांची इतिवृत्तं, कुणी खपून टाइप केलेला गावाचा इतिहास कचऱ्यात जातो. हे थांबवायलाच हवं, आणि ते अवघडही नाही.

आधी फाइलची एक प्रत काढा आणि प्रयोग प्रतीवरच करा. विंडोज फाइलच्या नावाच्या शेवटी असलेलं एक्स्टेन्शन लपवून ठेवतं, ते दिसेल असं सेटिंग करा. तरी त्यावर भिस्त ठेवू नका. 'डब्ल्यूपीएस' हे एक्स्टेन्शन मायक्रोसॉफ्ट वर्क्सचंही असतं आणि डब्ल्यूपीएस ऑफिसचंही. शिवाय ते कुणीही बदलू शकतं, आणि नाव बदलल्याने आतला ऐवज बदलत नाही.

खरी ओळख फाइलच्या आरंभी असते. प्रत नोटपॅडमध्ये उघडा, खालचा गिचमिडा सोडा आणि पहिली काही अक्षरं वाचा. रोमन 'पीके' दिसलं तर आत झिप आहे. झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. वर्डची २००७ पासूनची डॉक्सएक्स, लिब्रेऑफिसची ओडीटी आणि अॅपलची पेजेस या तिन्ही झिपच. महिरपी कंसामागोमाग 'आरटीएफ' असेल तर रिच टेक्स्ट, 'डब्ल्यूपीसी' असेल तर वर्डपरफेक्ट. मग लिब्रेऑफिस घ्या. ते फुकट आहे आणि वर्डपरफेक्ट, वर्क्स, लोटस वर्ड प्रो, एवढंच काय, पेजमेकरच्याही बऱ्याच फाइली उघडतं. ऑनलाइन कन्व्हर्टरही असतात, पण कोर्टाचे कागद आणि पगारपत्रकं अनोळखी साइटवर चढवू नका.

मराठी फाइलचं दुखणं इथं संपत नाही. फाइल उघडते आणि पानभर रोमन अक्षरं नि चिन्हं दिसतात. तेव्हा दोष फाँटचा असतो. श्रीलिपी, शिवाजी, सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी अशा जुन्या फाँटांत रोमन अक्षरांच्या नि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. मजकूर सिलेक्ट करून फाँटच्या खान्यात नाव वाचा. फाँट कॉम्प्युटरवर नसला तरी नाव सहसा दिसतंच. त्याच फाँटचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा आणि मजकूर छापील प्रतीशी ताडून पाहा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं इथंच दगा देतात.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. ओडीटीचं मानक आयएसओने २००६ मध्ये स्वीकारलं. सबबी संपल्या आहेत. प्रकाशकांनी, ग्रंथालयांनी आणि संस्थांनी जुन्या सीड्या नि हार्ड डिस्क आत्ताच बाहेर काढाव्यात. ते जुने फाँट डोळे मिटून ओळखणारे डीटीपी ऑपरेटर अजून आहेत. त्यांना रीतसर मोबदला देऊन हे काम करून घ्यावं. बदललेला मजकूर युनिकोडमध्ये, ओडीटी किंवा डॉक्सएक्स म्हणून ठेवावा, सोबत पीडीएफ ठेवावी आणि मूळ फाइलही जपावी. छापील प्रत नसलेल्या मजकुराला पहिला नंबर द्यावा, कारण त्याला दुसरी संधी नाही.