जिथे आहे तिथे, जसा आहे तसा

रे रोड स्टेशनाच्या पूर्वेला उतरून दारूखान्याकडे चालू लागलं की साखळदंड, नांगर, दोरखंड आणि गंजाचा वास यांच्या गर्दीत एखादा तरी असा माणूस दिसतो, ज्याचं तिथे खरं म्हणजे काही काम नसतं. तो व्यापारी नाही, भंगारवाला नाही, हमाल तर नाहीच. अंगात इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, हातात रेक्झिनची पिशवी. पिशवीत टॉर्च, मोजपट्टी आणि एक लोहचुंबक. बंद खोकं दिसलं की हा थांबतो, बोटाच्या पेरानं टकटक करतो, कान लावतो आणि काहीतरी कळल्यासारखी मान हलवतो. हा लॉटवाला. गोदीच्या आसपासच्या वस्तीत असे बरेच आहेत. घोडपदेवला, आमच्या मजल्यावर, आमच्या वाट्याला अण्णा आले आहेत.

अण्णा बीपीटीत, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टमध्ये, टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरलेली खोकी मोजायची, वहीत लिहायची आणि ती दुसऱ्याच्या ट्रकमधून जाताना बघायची, यात सगळी नोकरी गेली. खोक्यावर जे लिहिलंय ते वहीत, आत खरंच काय आहे ते कधीच कळायचं नाही. निवृत्तीनंतर कुणी गावाला घर बांधतं, कुणी भजनी मंडळात जातं. अण्णांनी खोकी उघडायला घेतली.

आयात केलेला माल उतरल्यापासून ३० दिवसांत मालकानं सोडवला नाही तर त्याला नोटीस देऊन तो विकता येतो, हे कस्टम्स कायद्याचं ४८वं कलम. कायदा १९६२ सालचा. विक्रीच्या पैशातून आधी विक्रीचा खर्च, मग जहाजाचं भाडं, मग ड्यूटी, मग माल सांभाळणाऱ्याचे पैसे, आणि शेवटी काही उरलंच तर ते मालकाला, ही १५०व्या कलमातली उतरंड अण्णा लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतात. "उरतं का हो काही?" असं शेजारच्या पाटावरून कुणी विचारलं की अण्णा खूश होतात. "ज्याचं काही उरेल तो माल सोडून जाईल कशाला?" मग जिलबी वाढणारा पुढे निघून गेलेला असतो.

पूर्वी या मालाचा लिलाव समोरासमोर व्हायचा. एकवार, दोनवार, तीनवार, हातोडी, चहा, भांडण. आता सगळं एमएसटीसीसारख्या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर. नोंदणी, पॅन, जीएसटी, अनामत, हे सगळं मोबाइल दुरुस्तीचा गाळा चालवणाऱ्या पुतण्याच्या नावावर. पण कॅटलॉग मात्र छापूनच हवा. अण्णा तो पंचांगासारखा वाचतात, बोट फिरवत, ओठ हलवत. यंत्रसामग्री, रसायनं, कापडाचे तागे, यांच्यावरून बोट सरळ खाली येतं. थांबतं ते एकाच ओळीवर: मिसलेनियस गुड्स, जुने व वापरलेले, एक लॉट, जिथे आहे तिथे, जसा आहे तसा. "मिसलेनियस!" अण्णा चष्मा काढून पुसतात. "यात काहीही असू शकतं."

त्यांना हवं असतं ते हेच, काहीही.

पाहणीच्या दिवशी तिथले मुरलेले व्यापारी त्यांना प्रामाणिकपणे सांगतात, "अण्णा, छोड दो, इसमें कुछ नहीं है." एवढं ऐकलं की अण्णांची खात्रीच पटते. "एवढं नाही म्हणतोय म्हणजे बघ," ते परतताना पुतण्याला सांगतात. त्याच लॉटबद्दल व्यापारी "अच्छा माल है" म्हणाले असते तरीही निष्कर्ष हाच निघाला असता. बोलीच्या वेळी पुतण्या लॅपटॉपवर आणि अण्णा त्याच्या मानेवर. शेवटच्या मिनिटांत कुणी बोली वाढवली की वेळ आपोआप पुढे सरकते, आणि या सोयीचा अण्णांइतका गैरफायदा कुणी घेतला नसेल. "वाढव." "काका, आपण ठरवलं होतं त्याच्या वर गेलो." "समोरचा का वाढवतोय? त्याला काहीतरी माहीत आहे." समोरचाही बहुधा कुठेतरी आपल्या पुतण्याला हेच सांगत असतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक सोन्याची वीट आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. पोटात दारूगोळा, त्याच्याबरोबर कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. शेकडो माणसं मेली, गोदी जळाली, आणि एक वीट उडून लांबवरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली. अण्णा तेव्हा जन्मालाही आले नव्हते, पण वडील गोदीत होते, त्यामुळे ही हकिगत त्यांच्याकडे वारसाहक्कानं आली आहे. तिच्यातली आग ते थोडक्यात आटपतात. विटेपाशी आवाज खाली येतो. "गाळ उपसताना पुढेसुद्धा सापडल्यात. सगळ्या सापडल्या असं कोण छातीठोकपणे सांगेल?" त्या पारशी गृहस्थानं वीट परत केली हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर आदर आणि हळहळ यांचं प्रमाण नेमकं काय असतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अमेरिकेत हा धंदा फारच सुटसुटीत आहे. तिथे लोक सामान ठेवायला भाड्यानं खोल्या घेतात, भाडं थकलं की जागेचे मालक कुलूप तोडतात आणि दारातूनच दाखवून लिलाव करतात. त्यावरचा ‘स्टोरेज वॉर्स’ हा कार्यक्रम २०१० साली सुरू झाला, तो पुतण्यानं अण्णांना मोबाइलवर दाखवला. अण्णांना त्यातल्या मालापेक्षा खोल्यांचंच जास्त नवल वाटलं. "एवढ्या खोलीत सामान? माणसं कुठे राहतात मग?" त्यातल्याच एका बोलीवाल्यानं २०१२ साली दावा लावला होता की भारी वस्तू आत आधीच पेरून ठेवलेल्या असतात. हे ऐकून पुतण्याचा हिरमोड झाला, अण्णांचा नाही. "पेरल्या तरी निघाल्या ना? आपल्याला तेवढं तरी कुणी करतंय का?"

आपल्याकडे स्टोरेज युनिट म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीतला माळा, पलंगाखालची जागा आणि कॉमन गॅलरी. त्यात भर म्हणजे वेळेत माल उचलला नाही तर दिवसागणिक भाडं लागतं. त्यामुळे छोटा हत्ती टेम्पो चाळीच्या तोंडाशी लागला की मजल्यावरची सगळी दारं हळूच बंद होतात. तरी उपयोग होत नाही. कुणाकडे अण्णांची दोन लाइफ जॅकेटं, कुणाकडे कोरियन भाषेतली मिक्सरची माहितीपत्रकं, आमच्याकडे पितळेची एक पोर्टहोल. "चार दिवस असू दे," असं म्हणून आलेली. तिच्यात आता बायको कांदे ठेवते.

अण्णांचा हिशेब वेगळा असतो. त्यात टेम्पो धरत नाहीत, माथाडींची मजुरी धरत नाहीत, अनामत अडकली त्याचं व्याज तर नाहीच. "फुकटात पडलं" हे त्यांचं लाडकं वाक्य. दुसरं, "लॉटमध्ये एक तरी असतंच." त्या एकानं सगळ्याचे पैसे निघतात असा सिद्धान्त आहे.

एका लॉटमध्ये चामड्याचे बूट निघाले. नवे कोरे, पातळ कागदात गुंडाळलेले. गॅलरीभर वास सुटला, बंद दारं उघडली, माणसं नंबर सांगू लागली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सगळे डाव्या पायाचे आहेत. गोदीत ही युक्ती फार जुनी सांगतात: आयात करणाऱ्यानं डावे एका बंदरात उतरवायचे, उजवे दुसऱ्या बंदरात, आणि सोडवायला जायचंच नाही. नुसते डावे लिलावात कोण घेणार? मग आपणच मातीमोलानं दोन्ही घ्यायचे आणि घरी जोड्या लावायच्या. बिनतोड योजना. तिच्यात अण्णा नावाचा माणूस गृहीत धरलेला नव्हता. कुठल्या तरी शहरात कुणीतरी उजव्या बुटांच्या ढिगावर बसून आजही त्यांना शिव्या घालत असेल. अण्णा मात्र न्हावा-शेव्याच्या कॅटलॉगवर डोळा ठेवून आहेत. मध्ये एकदा खरोखरच उजवे सापडले. घेतले. बायकांचे निघाले.

जहाजावरच्या निशाणांची एक पेटी निघाली तेव्हा मात्र सगळा मजला खूश झाला, कारण गणपती तोंडावर होते. लाल-पांढऱ्या चौकड्यांचं एक निशाण, पांढऱ्यावर लाल फुलीचं एक, अशी माळ जिन्यापासून मखरापर्यंत लावली. तिसऱ्या दिवशी दर्शनाला आलेले मर्चंट नेव्हीतले एक पाहुणे जिन्यातच थबकले. पहिल्या निशाणाचा अर्थ ‘तुम्ही धोक्याकडे चालला आहात’, दुसऱ्याचा ‘मला मदत हवी आहे’. अण्णांनी शांतपणे विचारलं, "मग यात बदलण्यासारखं काय आहे?" माळ विसर्जनापर्यंत राहिली.

२०१४ साली ‘विक्रांत’ तुटायला दारूखान्यात आली. १९७१ च्या युद्धातली आपली विमानवाहू नौका, आणि तीही ई-लिलावातच गेली, साठ कोटींच्या आसपास. अण्णा रोज लांबून बघून यायचे. सातशे फूट लांब! "पडत्या भावात गेली रे," ते म्हणायचे. "साठ कोटींत मुंबईत एवढी जागा कुठे मिळते?" आठवणीला एक बोल्ट मिळावा म्हणून त्यांनी बरीच खटपट केली, पण मिळाला नाही. पुढे तिच्या पोलादातून २०१६ साली बजाजची ‘व्ही’ मोटारसायकल आली. ती कुठे उभी दिसली की अण्णा तिच्या टाकीवर हात ठेवतात. मालक आला की काढतात.

विकण्याचं काम पुतण्याचं. तो पांढऱ्या चादरीवर वस्तू ठेवून फोटो काढतो आणि ओएलएक्सवर, फेसबुकवर टाकतो. मजकूर मात्र अण्णांचा: "डाव्या बाजूला चीर आहे, परंतु ती जहाजावरच पडलेली आहे. झाकण नीट लागत नाही. गरज असेल तरच घ्यावे." यावरही कुणी फोन केला तर अण्णा आधी गाव विचारतात, मग वस्तू घेऊन काय करणार ते विचारतात. "लास्ट किती?" असं म्हणणाऱ्याला वस्तू मिळत नाही. एका मुलीला लाकडी सुकाणूचं चाक कॅफेत दिव्यांसाठी लटकवायचं होतं. अण्णांनी तिला पोहे खाऊ घातले आणि चाक दिलं नाही.

आणि एवढ्या सगळ्या लॉटमध्ये ते ‘एक तरी’ अखेर निघालं: जहाजाच्या रेडिओ रूममधलं घड्याळ. तबकडीवर दोन लाल पाकळ्या, दोन हिरव्या. लाल पाकळ्या पंधरा आणि पंचेचाळीस मिनिटांपुढे, तीन-तीन मिनिटांच्या. काटा तिथे आला की रेडिओवरून संदेश पाठवणं बंद ठेवायचं आणि कुणी संकटात हाक मारतंय का ते ऐकायचं, असा नियम होता. अण्णांनी हे बायकोला, आमच्या वहिनींना, अगदी रंगवून सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसले आणि त्याच दिवसापासून नियम घरात लागू केला. बोलता बोलता लाल पाकळीत काटा शिरला की वहिनी नुसतं घड्याळाकडे बोट दाखवतात. अण्णा थांबतात. जुन्या नोकरीतली शिस्त.

परवा डोंबिवलीहून एक गृहस्थ त्याच घड्याळासाठी आले. त्यांनी भाव केला नाही. चीर आहे का विचारलं नाही. कुठल्या जहाजाचं, कुठल्या सालचं, असं मन लावून ऐकत राहिले आणि अण्णांनी सांगितलेले पैसे मोजून टेबलावर ठेवले. अण्णांनी पुतण्याकडे पाहिलं, पुतण्यानं आमच्याकडे. अण्णा उठले, स्टुलावर चढले, खिळ्यावरून घड्याळ काढायला हात वर केला.

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "ते घड्याळ विकायचं नाही."

"अगं, पण गिऱ्हाईक चांगलं आहे."

"पोर्टहोल द्या, नांगर द्या, पाहिजे तर पलंग द्या. तासातली सहा मिनिटं मिळतात मला. घड्याळ जाणार नाही."

अण्णा खाली उतरले. गृहस्थ बिचारे पैसे पुन्हा पाकिटात ठेवू लागले. हार्बरनं कुर्ला, तिथून डोंबिवली, तेही रिकाम्या हातानं, हे अण्णांच्या जिवाला लागलं. त्यांनी पलंगाखाली वाकून बघितलं, मग पाहुण्यांच्या पायांकडे.

"बूट किती नंबरचा लागतो तुम्हाला?"

"आठ. का हो?"

"डावा लगेच देतो," अण्णा म्हणाले. "उजव्याचा तपास चालू आहे."