शून्य, पण कोणत्या बाजूचं?

आमच्याकडे धरण आटत नाही, ते मायनसमध्ये जातं. उजनीचा उपयुक्त साठा सुमारे ५३ टीएमसी आणि त्याच्या खालचा मृत साठा त्याहून मोठा, ६३ टीएमसीच्या घरात. त्यामुळे शून्य टक्के झाले तरी पाणी असतंच आणि मोटारी चालूच राहतात. मग पेपरात ‘उजनी उणे वीस टक्के’ असा मथळा येतो, पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं आणि त्याच्यासमोर फोटो काढायला गर्दी होते. इंदापूर तालुक्यातल्या पोराला उणे संख्या शिकवायला गणिताचा मास्तर लागत नाही.

मी बारामतीत घरी बसून कम्पायलरचं काम करतो. इंदापूरच्या मामांना हे काम आहे, हेच मान्य नाही.

“म्हंजी नक्की करतोस काय?” पेरूंची प्रतवारी करता करता त्यांनी विचारलं.

“कम्पायलर माणसाचा प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेतो. जे उत्तर आधीच काढता येतं, ते तो आधीच काढून ठेवतो. दोन अधिक तीन दिसलं, की थेट पाच लिहून मोकळा.”

“आन् ह्याचा पगार देतात?”

आमच्या धंद्यातल्या भल्याभल्यांनी या प्रश्नाला बगल दिली आहे. मीही दिली. “मामा, क्ष वजा क्ष किती?”

“शून्य.”

“आणि क्ष बरोबर क्ष, हे खरं का खोटं?”

मामांनी हातातला पेरू खाली ठेवला. “रात्री जागरण झालं का रे?”

जागरण खरं तर १९८५ पासून चालू आहे. त्या वर्षी आयईईई ७५४ हे अपूर्णांकांच्या हिशेबाचं मानक आलं. त्यामागचे मुख्य गणिती विल्यम काहान. त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या मानकाने अनंताला रीतसर संख्यांच्या पंगतीत बसवलं आणि ‘संख्याच नव्हे’ अशा एका प्राण्यालाही पाट मांडला. तो म्हणजे नॅन. शून्याला शून्याने भागा, अनंतातून अनंत वजा करा, नॅन हजर. तो कुणाच्याच बरोबरीचा नाही, स्वतःच्याही नाही. म्हणजे क्ष जर अनंत निघाला, तर क्ष वजा क्ष नॅन. आणि क्षच नॅन असला, तर क्ष बरोबर क्ष हे चक्क खोटं.

आता कम्पायलरची पंचाईत पाहा. तो प्रत्येक चलापुढे शेरा लिहितो: ‘अजून माहीत नाही’, ‘कायम अमुकच’ किंवा ‘कायम नाही’. शेरा या क्रमाने खालीच घसरू शकतो, वर चढू शकत नाही. म्हणून काम कधीतरी संपतं. पवईच्या आयआयटीतले उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासोबत डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवर २००९ साली ग्रंथ लिहिला, त्यात हे सारं शास्त्र सविस्तर आहे. पण लूपमध्ये फिरताना कम्पायलर जुना शेरा आणि नवा शेरा जुळवतो. जुना नॅन, नवाही नॅन. बरोबर आहेत? नाहीत! म्हणजे काहीतरी बदललं! पुन्हा फेरी. पुन्हा नॅन, पुन्हा बदल. सावध लिहिला नसेल, तर कम्पायलर फेऱ्याच मारत बसतो, नाहीतर वैतागून ‘कायम नाही’ असा शेरा मारतो.

“आणि मामा, शून्यंही दोन आहेत. अधिक शून्य आणि उणे शून्य.”

वाटलं, आता मामीला हाक जाणार. पण मामा पटकन म्हणाले, “आहेतच की! मार्चातलं उजनीचं शून्य उतरतं, जुलैतलं चढतं. आकडा एकच. पण जुलैतलं बघून उसाची आडसाली लागण करावी, मार्चातलं बघून करील तो खुळा.”

याहून चांगला खुलासा मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही. ही दोन शून्यं समोरासमोर ठेवली, तर बरोबर ठरतात. पण त्यांनी एकाला भागलं, की एकीकडे अधिक अनंत आणि दुसरीकडे उणे अनंत. इथे कम्पायलर उलटा फसतो. ‘दोन्ही सारखीच’ म्हणून एकाच्या जागी दुसरं खपवतो आणि प्रोग्रॅमची दिशाच फिरते. म्हणून क्ष अधिक शून्य म्हणजे क्षच, असंही त्याला बेधडक लिहिता येत नाही. उणे शून्यात शून्य मिळवलं, की अधिक शून्य होतं. क्ष वजा शून्य मात्र खुशाल क्ष!

नॅनपाशी जे एक आहे ते वेगळं दिसतं, शून्यापाशी जे वेगळं आहे ते एक दिसतं. दोन्हींवर औषध एकच: शेरे जुळवताना किंमत पाहायची नाही, आतले बिट पाहायचे. चिन्हाचा बिट वेगळा, तर शून्य वेगळं. बिट तेच, तर नॅनही तोच. बस झाल्या फेऱ्या.

“मग नियमच काढून टाका की,” मामांचा सल्ला. तीही सोय आहे. जीसीसी या कम्पायलरमध्ये फास्ट-मॅथ नावाचा पर्याय आहे. तो दिला, की कम्पायलर धरून चालतो, नॅन नाही, अनंत नाही, शून्य एकच. प्रोग्रॅम कधीकधी खरोखर सुसाट धावतो.

तो लावणाऱ्यांना एवढीच विनंती: आपल्या प्रोग्रॅममध्ये नॅन पकडायला ‘क्ष बरोबर क्ष आहे का’ अशी ओळ लिहिलेली नाही ना, ते आधी पाहा. असेल, तर कम्पायलर ती निरर्थक म्हणून काढून टाकू शकतो. त्याला तो अधिकार तुम्हीच दिलेला असतो.